अर्ध्या मच्छरदाणीचा तेजोमेघ

मी बावीस वर्षं भरदुपारी अंधार विकला. आमचं घर जामनेरचं, मूळचं राजस्थानातलं, आणि तीन पिढ्यांचा धंदा कापडाचा. मोठे भाऊ आजही दुकानात गादीवर बसतात. मीही तिथेच बसायचं ठरलेलं होतं. पण चाळिशीच्या आत एक दिवस मी कापडाचाच एक भलामोठा फुगा विकत आणला आणि भाऊंना सांगितलं, की आता मी शाळाशाळांत जाऊन आकाश दाखवणार. भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘त्याचा पन्हा किती?’’ दुकानातले दोन्ही नोकर हसले. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, प्रश्न बरोबर होता. कापडवाल्याच्या घरात जन्मून मी कापडच कधी नीट पाहिलं नाही, आणि त्यापायी धरणगावच्या एका मुलीवर अन्याय करून बसलो.

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून काहीतरी प्रेरणादायी हवं होतं. तसलं माझ्याकडे काही नाही. मच्छरदाणीची एक गोष्ट आहे, ती सांगतो.

आधी धंदा काय होता ते समजून घ्या. फिरतं तारांगण म्हणजे बाहेरून चंदेरी आणि आतून पांढरा, अर्धगोल असा कापडी फुगा. शाळेच्या हॉलमध्ये तो अंथरायचा, एका बाजूने मोठा पंखा लावायचा, की दहा मिनिटांत तो घुमटासारखा उभा राहतो. आत शिरायला कापडाचंच एक बोगद्यासारखं तोंड. तिथून चाळीस मुलं रांगत आत जायची, गोल करून जमिनीवर बसायची. मध्ये माझं यंत्र. सुरुवातीला ते म्हणजे बारीक भोकं पाडलेला डबा आणि त्यात बल्ब, आणि जोडीला चित्रं दाखवायला स्लाइडचा प्रोजेक्टर. दिवा लावला, की घुमटावर तारे. दुपारी बारा वाजता मुलांना सप्तर्षी दिसायचे आणि ती एका सुरात ‘ओऽऽ’ करायची. तेवढ्यासाठी मी हा धंदा केला, बाकी त्यात काही नव्हतं. चपला-बूट बाहेर काढायला लावायचो, त्यामुळे चाळीस जोडी मोजे आत असायचे, आणि मार्चमध्ये खानदेशात हॉलच्या पत्र्याखाली काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. विश्वाच्या अथांगपणाचा वास कसा असतो असं मला कुणी विचारलं, तर मी मोज्यांचा सांगेन.

माझ्याबरोबर गाडी चालवायला सुखदेव नाना. वयाने माझ्याहून मोठे, शिक्षण सातवी, आणि मी सांगायचो तो सगळा कार्यक्रम त्यांना पाठ. माझा घसा बसला, की बाहेरून पंख्यापाशी उभे राहून ते पुढचं वाक्य ओरडून सांगायचे.

पंखा बंद पडला, की आकाश खाली येतं. नरडाण्याला एका शाळेत हेडमास्तरांनी आत खुर्ची नेण्याचा हट्ट धरला. सगळे जमिनीवर, सर खुर्चीवर. अर्ध्या कार्यक्रमात वीज गेली. तारे विझले, पंखा थांबला आणि फुगा हळूहळू बसू लागला. मुलं खाली होती, त्यांच्यापर्यंत कापड यायला वेळ होता. सरांच्या डोक्यावर मात्र ते सगळ्यांत आधी टेकलं. काळ्याकुट्ट अंधारात सरांचा आवाज आला, ‘‘मुलांनो, कोणीही घाबरायचं नाही. शेठ, मला बाहेर काढा.’’ चाळीस पोरांनी हात वर करून आकाश तोलून धरलं आणि सर रांगत बाहेर गेले. त्यानंतर मी गाडीत इन्व्हर्टर ठेवू लागलो, आणि खुर्ची आत नेऊ देत नसे.

एका संस्थेच्या अध्यक्षांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, की मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे, तुमच्या यंत्रातून काही करता येईल का. मी म्हणालो, ‘‘येईल की.’’ आणि कार्यक्रमात त्यांच्यादेखत मंगळाची स्लाइड काढून खिशात टाकली. दोन महिन्यांनी लग्न जमलं. पेढे घरपोच आले आणि मी ते खाल्ले. माझं नसलेलं श्रेय मी असं हसत हसत घेतलं आहे, हे लक्षात ठेवा. दुसऱ्याचं श्रेय द्यायची वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते आता येतंच आहे.

कार्यक्रमाचा शेवट ठरलेला होता. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला, की काय होतं ते मी सांगायचो. तो फुगतो, बाहेरचे थर अंगावरून टाकून देतो, आणि आत उरतो एक लहानसा, भयंकर तापलेला गाभा. त्या गाभ्याच्या प्रखर किरणांनी टाकून दिलेला वायू झगमगू लागतो. याला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहाशी त्याचा काडीचा संबंध नाही. जुन्या दुर्बिणींतून तो ग्रहासारखा वाटोळा दिसला, कुणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. अभिजित ताऱ्याजवळच्या अशा एका तेजोमेघाची स्लाइड माझ्याकडे होती. लालसर कडा, आत हिरवट झाक, मधोमध इवलासा ठिपका. मी खिशातून काचेची बांगडी काढायचो, टॉर्चसमोर धरायचो, घुमटावर तिची मोठी सावली पाडायचो आणि म्हणायचो, ‘‘म्हातारा सूर्य जाता जाता आकाशाच्या हातात अशी बांगडी भरून जातो.’’ शिक्षिका हळव्या व्हायच्या. एका बाईंनी डोळे पुसलेले मी स्वतः पाहिले आहेत. हे वाक्य माझं होतं आणि मला त्याचा भारी गर्व होता.

वाक्य साफ चुकीचं होतं.

धरणगावला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं, कारण नारळ, शाल आणि दुपारच्या भरीत-पुरीवर येणारा आकाशाचा तज्ज्ञ आसपास दुसरा नव्हता. प्रदर्शनात तीन ज्वालामुखी, दोन गोबरगॅस आणि एक पवनचक्की होती. ज्वालामुखींनी टेबलं अडवली होती. कोपऱ्यात जमिनीवर काळं कापड अंथरून आठवीतली एक मुलगी बसली होती. नाव सुजाता. तिच्यासमोर तान्ह्या बाळावर ठेवतात ती छत्रीसारखी उघडणारी पांढरी मच्छरदाणी, आणि आत मधोमध झिरोचा बल्ब.

मी विचारलं, ‘‘हे काय?’’

‘‘ग्रहीय तेजोमेघ, सर. तुमच्या फुग्यात पाहिला होता.’’

‘‘मी बांगडी दाखवली होती. ही तर मच्छरदाणी आहे.’’

‘‘बांगडीसारखं दिसतं, सर. पण तारा सगळीकडून फुगला, तर वायू फक्त बाजूलाच कसा जाईल? पुढे जाईल, मागे पण जाईल. म्हणजे चेंडूसारखं पोकळ झालं पाहिजे.’’

‘‘मग मधे मोकळं का दिसतं?’’

‘‘मोकळं नाही, पातळ दिसतं. मधे नजर जाळीतून सरळ आरपार जाते. कडेला तिरपी जाते, तिथे एकाच नजरेत जास्त जाळी येते. म्हणून कड पांढरी होते. वरून वाका ना सर, बरोबर बांगडी दिसते.’’

मागे शिक्षक उभे होते, गावातली चार माणसं होती, आणि आतून भरताचा वास येत होता. मी वाकलो नाही. खाली बसलेल्या पोरीने आपल्याला वाकायला सांगावं, हेच मला खटकलं. मी म्हणालो, ‘‘आणि हे अर्धंच का? तेजोमेघ काय जमिनीवर उगवतो?’’

ती म्हणाली, ‘‘एकच मच्छरदाणी होती.’’

यावर गप्प बसायला काय हरकत होती. पण मागे माणसं होती ना. मी म्हणालो, ‘‘ताऱ्यालाही डास चावतात वाटतं.’’ सगळे हसले. मुलगी हसली नाही. मी शेऱ्याच्या कागदावर लिहिलं, ‘कल्पना चुकीची. प्रतिकृती अर्धवट.’ खाली झोकदार सही केली आणि जेवायला गेलो. जिल्ह्याला ज्वालामुखी गेला. तिघांपैकी कुठला ते आठवत नाही, तिघांतून सारखाच फेस येत होता.

पुढे दोन-तीन वर्षांनी डब्याच्या जागी मी संगणकावर चालणारं यंत्र घेतलं. त्याबरोबर तयार चित्रफिती आल्या. नरडाण्यालाच, मुलं यायच्या आधी, मी आणि नाना रिकाम्या फुग्यात त्या लावून पाहत होतो. अभिजितजवळचा माझा लाडका तेजोमेघ घुमटावर आला आणि हळूहळू फिरू लागला. बांगडी आडवी झाली, की नुसती रेघ दिसायला हवी होती. इथे तर भलतंच जाडजूड, फुगीर काहीतरी बाहेर आलं, आणि मधली जागाही रिकामी नव्हती, तिथे विरळ वायू भरलेला होता. पाठोपाठ दुसरा आला, अगदी गोल, साबणाच्या फुग्यासारखा, कडेला ठळक आणि मधे फिका. निवेदक सांगत होता, की कडेला आपली नजर जास्त वायूतून जाते म्हणून कड उजळ दिसते. सुजाताने जाळी म्हटलं होतं, त्याने वायू म्हटलं, एवढाच फरक.

नाना अंधारात म्हणाले, ‘‘म्हणजे धरणगावची ती पोरगी बरोबर होती की, शेठ.’’

‘‘तुम्हाला कशी आठवते ती?’’

‘‘तुम्ही जेवायला गेले तेव्हा मी वाकून पाहिलं होतं. बांगडी दिसत होती.’’

‘‘मग तेव्हा बोलला का नाहीत?’’

‘‘तुम्ही सही करून बसले होते.’’

त्यानंतर मी हा विषय बराच वाचला. सगळे तेजोमेघ गोल नसतात. काही लांबट असतात, काही डमरूसारखे दोन बाजूंना फुगलेले. म्हाताऱ्या ताऱ्याला जोडीदार तारा असेल, तर तो त्याच्याभोवती फिरता फिरता वायूला आपल्या मर्जीचा आकार देतो. माझ्या बांगडीवाल्या तेजोमेघाबद्दल तर जाणकारांचं अजून भांडण चालू आहे. कुणी म्हणतं जाड वेटोळं आणि त्यात खुपसलेला लांबट गोळा, कुणी म्हणतं पिंपासारखा आहे आणि आपण त्याच्या तोंडातून आत पाहतो आहोत. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. सपाट बांगडी कुणीच म्हणत नाही. आणि हे सगळं विरून जायला काही हजार वर्षंच लागतात. ताऱ्याच्या हिशोबाने ते म्हणजे चहा गार होण्याइतकंच.

मी दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम बदलला. बांगडी खिशातून काढून ठेवली, पोकळ गोळ्याचं सांगू लागलो, तिरप्या नजरेचं सांगू लागलो, तिच्याच शब्दांत. कुणाला काही कळलं नाही. धरणगाव नरडाण्याहून असं किती लांब. गाडी होती, नाना होते, जायला अर्धा दिवस पुरला असता. गेलो नाही. आधी म्हटलं परीक्षा संपू दे. मग म्हटलं, ती विसरली असेल. पुढे पुढे तर धरणगावच्या शाळेने बोलावलं, तरी मी तारीख नाही म्हणून सांगायचो. आकाशाबद्दल पोरांना खरं सांगायचं म्हणून मी दुकान सोडलं होतं, आणि मी असा निघालो. लाज वाटायची, अजून वाटते.

धंदा बंद करून मी धुळ्याला मुलाकडे राहायला आलो. फुगा घडी करून माळ्यावर टाकला. गेल्या उन्हाळ्यात उंदरांनी तो कुरतडला का ते पाहायला स्टुलावर चढलो, फुगा माझ्या अंगावर आला आणि मी खाली. डावं मनगट मोडलं. बावीस वर्षं मुलांना सांगत होतो, की आकाश अंगावर पडत नाही.

दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या ताईंनी माझा हात प्लेटवर ठेवला, नाव वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही फुगेवाले शेठ ना?’’

मी खुश झालो. म्हटलं, ‘‘पाहिलं होतं का माझं आकाश? कुठे?’’

‘‘धरणगावला. हात हलवू नका.’’

मी हात हलवला नाही. पडद्यावर माझी हाडं उमटली. त्यांनी मोडलेली जागा दाखवली, मग बोट थोडं वर नेलं. ‘‘हे हाड पाहा, सर. दोन्ही कडा पांढऱ्या, मधे काळपट. काय वाटतं, हाड म्हणजे दोन समांतर पट्ट्या असतात?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘नळी असते. कडेला किरण तिरपे जातात, जास्त हाडातून जातात. मी रोज पंचवीस-तीस वेळा हे पाहते.’’ आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘‘कल्पना चुकीची. प्रतिकृती अर्धवट. कागद आहे अजून माझ्याकडे.’’

हात मोडलेला माणूस कुठे पळणार. मी तिथेच स्टुलावर बसून सगळं सांगितलं. नरडाण्याचं, नानांचं, चोरून बदललेल्या कार्यक्रमाचं. म्हणालो, ‘‘सुजाता, तू बरोबर होतीस. मला दहा वर्षांपासून माहीत आहे. मी माफी मागतो.’’

ती म्हणाली, ‘‘मला माहीतच होतं सर, मी बरोबर होते. मला नका सांगू. माझ्या आईला सांगा.’’

मग कळलं ते असं. तिची आई तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये रात्रपाळीला होती. धाकटा भाऊ सहा महिन्यांचा होता आणि घरात मच्छरदाणी ती एकच, त्याची. प्रदर्शनासाठी सुजाताने ती आईला न विचारता नेली. आधी चार दिवस वर्गात बल्ब लावून पाहत बसली, मग प्रदर्शनाचे दोन दिवस. बाळ तेवढे दिवस उघड्यावर झोपलं आणि त्याला ताप भरला. दवाखान्यात ठेवावं लागलं. तो वाचला, आज चांगला दांडगा झाला आहे. पण आईच्या डोक्यात एवढंच राहिलं, की पोरीने चुकीच्या गोष्टीसाठी लेकराला डासांच्या तोंडी दिलं. चुकीची आहे असं खुद्द फुगेवाल्या शेठनेच सही करून लिहून दिलं होतं. सुजाताने पुढे काही वेगळं करून पाहायचं म्हटलं, की आई म्हणायची, ‘‘तो ताराना मायक नको.’’ म्हणजे त्या ताऱ्यासारखं नको. दहावीनंतर तिला भौतिकशास्त्र घ्यायचं होतं. तेव्हाही हेच ऐकावं लागलं.

‘‘ही नोकरी चांगली आहे सर, माझी काही तक्रार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पण अजून माहेरी गेले, की त्या तापाचा विषय निघतोच.’’

दुसऱ्याच आठवड्यात मी प्लास्टर गळ्यात अडकवून धरणगावला गेलो. नाना आता गाडी चालवत नाहीत, माझ्या मुलाने गाडीने नेऊन सोडलं. आधी वाट वाकडी करून जामनेरला दुकानात गेलो आणि भाऊंकडून बाळाची एक मच्छरदाणी घेतली. भाऊंनी विचारलं कुणाला, मी म्हटलं, जुनी उधारी फेडतो आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही, कापडाचा एक पैसा मात्र कमी केला नाही.

सुजाताची आई दारातच बसली होती. शेजारी खाटेवर सुजाताची पाच महिन्यांची मुलगी झोपलेली. सुजाता नोकरीला धुळ्याला, लेक आजीकडे. मी नमस्कार केला. ‘‘अक्का, मी तारांगणवाला शेठ.’’

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओळखलं होतं. बस म्हणाल्या नाहीत.

मी उभ्यानेच सांगितलं. सोपं करून सांगायला गेलो तर घोटाळा झाला, म्हणून शेवटी एवढंच म्हणालो, ‘‘तुमची मुलगी खरी होती. मी खोटा होतो. तिची चूक नव्हती, मी वाकून पाहिलं नाही, ही माझी चूक.’’

अक्कांनी पदराने बाळाच्या तोंडावरची माशी हाकलली. मग म्हणाल्या, ‘‘मन्ही आंडेर खरी व्हती?’’

‘‘हो, तुमची मुलगीच खरी होती.’’

‘‘मंग इतला दिन कसाले लागनात?’’

इतके दिवस का लागले ते सांगायच्या ऐवजी मी पिशवीतली मच्छरदाणी काढून पुढे केली. एका हाताने ती उघडेना, तेव्हा अक्कांनीच ओढून घेतली, झटकन उघडली आणि बाळावर ठेवली. पांढरी नवी जाळी. मी परत जायला वळलो, तर त्यांनी हाक मारली.

‘‘शेठ. आते वाका.’’

मी वाकलो. खाटेला हात टेकून, प्लास्टर सांभाळत, पार बाळाच्या डोक्यावर. आणि दिसली. भोवती सगळीकडून दाट पांढरी कड, मधे विरळ, जवळजवळ नाहीशी झालेली जाळी, आणि त्याखाली झोपलेली सुजाताची मुलगी. इतकी वर्षं मी ज्याच्यावर बोलून पोट भरलं, ते मी पहिल्यांदा पाहत होतो. माझे डोळे भरून आले.

अक्कांनी कमरेचा फोन काढला होता. पलीकडे सुजाता असणार. मी आलो, वाकलो, हे तिला कळवत अक्का म्हणाल्या, ‘‘सुजे, तो शेठ उना शे. वाकना.’’ मग माझ्या शेजारून स्वतःही जाळीवर वाकून पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘मी बी देखं. तू खरी व्हतीस.’’

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. अक्कांनी फोन माझ्याकडे दिला नाही आणि मी मागितलाही नाही. मी अजून वाकलेलाच होतो, कारण एका हाताने मला परत उठता येत नव्हतं.